पांढऱ्या फुलांची ओळ

मी एक जुना लाकडी स्टँड आहे, मित्रांनो. स्टँड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सायकल उभी राहील, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी बाटल्यांचा स्टँड. लांबीला चांगला दोन हात, उंचीला जेमतेम वीतभर. एक फळी वर, एक फळी खाली, दोन्ही टोकांना पाय. वरच्या फळीला एका रांगेत बारा गोल भोकं आणि प्रत्येक भोकात एक बुटकी, जाड काचेची बाटली.

मला घडवलं एका सुताराने, दरवाजाच्या उरलेल्या फळीतून. त्याला एक सवय होती. भोक पाडून झालं की त्यात तोंड घालून जोरात फुंकर मारायचा. भुसा उडून त्याच्याच भुवयांवर बसायचा. दहाव्या भोकाशी लाकडात गाठ लागली आणि भोक किंचित तिरकं पडलं. तेव्हा त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "असू दे. एखादं तिरकं बघणारं असावं घरात." तेव्हापासून मला वाटतं, माझ्या अंगातली चौकसपणाची खोड त्या तिरक्या भोकातूनच आत शिरली.

सुताराकडून मी गेलो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. तिथे लोक विहिरीचं, टाकीचं, नळाचं पाणी घेऊन यायचे. ते माझ्या बाटल्यांत ओतलं जायचं. चष्मेवाले साहेब प्रत्येक बाटलीत औषधाचा एकेक थेंब सोडायचे आणि मग बेसूर गुणगुणत थांबायचे. थोड्या वेळाने एखादं पाणी गुलाबी व्हायचं, एखादं निळसर, एखादं मुळीच बदलायचं नाही. मला मोठं नवल वाटायचं. आत्तापर्यंत सगळ्या बाटल्या सारख्या दिसत होत्या, मग हिलाच गुलाबी व्हायचं कसं सुचलं? साहेबांना ते ठाऊक असणार. पण साहेब माझ्याशी कशाला बोलतील? कधी खुशीत असले तर माझ्या पाठीवर टकटक करून म्हणायचे, "भक्कम आहे हो हा!" तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस खूश असायचो.

पुढे एक पडदावालं यंत्र आलं. ते सगळं एका झटक्यात सांगायचं, थांबायची गरजच उरली नाही. माझी रवानगी मोरीखाली झाली. ओल, अंधार आणि एक कोळी. कोळ्याने माझ्या चौथ्या भोकात संसार थाटला. तो तरी काय करणार, त्याला रिकामी जागा हवी होती.

एकदा आवराआवर निघाली तेव्हा तिथल्या मदतनिसाने मला उचललं. जुनं लाकूड म्हणून मला जाळायचं ठरलं होतं. त्याने मला घासूनपुसून उन्हात ठेवलं आणि बाटल्यांसकट आपल्या वहिनीकडे नेलं.

"वहिनी, तुमच्या शाळेत चालेल का बघा. जाळायला जीव होत नाही."

वहिनी बालवाडीत शिकवायच्या. सगळी मुलं त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंनी मला मांडीवर आडवा घेतला, एकेका भोकात बोट घालून पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "चालेल काय, धावेल!"

मित्रांनो, माझा खरा जन्म तिथे झाला असं म्हटलं तरी चालेल.

बालवाडीची खोली लांबट होती. फरशी थंड, खिडक्या मुलांच्या उंचीच्या, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे. बाईंनी मला बुटक्या टेबलावर ठेवलं, बाटल्यांत पाणी भरलं आणि एक टोपली पुढे ओढली. टोपलीत फुलं होती. मला वाटलं, आता ही फुलं तपासणार. पण बाईंनी पहिल्या बाटलीत पिवळा झेंडू ठेवला, दुसरीत लाल गुलाब, तिसरीत पुन्हा झेंडू, चौथीत पुन्हा गुलाब. पाचवीवर हात झाकून विचारलं, "इथे कोण येणार?"

"झेंडू!" सगळी मुलं एकदम ओरडली.

मी चक्रावलो. पाचव्या बाटलीत तर काहीच नव्हतं! अजून न आलेलं फूल ह्या पोरांना दिसलं कसं?

मग बाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि मधलंच एक फूल हळूच उचलून पदराआड लपवलं. "सांगा, कुणाला पळवलं?" पोरांनी डोळे उघडले, ओळ वाचली आणि चोरी पकडली. मग झेंडूला टाळी आणि गुलाबाला मांडीवर थाप, असं करत सगळा वर्ग माझ्यावरची ओळ वाजवू लागला. टाळी, थाप, टाळी, थाप. माझ्या बाटल्यांतलं पाणी थरथरायला लागलं. शेवटी बाईंनी फुलं टोपलीत परत टाकली. तरी मुलं वाजवतच राहिली. म्हणजे ती ओळ फुलांत नव्हती की काय? मग कुठे होती? मला हा प्रश्न त्या दिवशी पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

मोठी माणसं ह्याला आकृतिबंध म्हणतात. एवढा मोठा शब्द त्या चिमुकल्या तोंडांत मावेना. मग मुलांनीच त्याचं नाव ठेवलं, पुन्हापुन्हा. "बाई, आज पुन्हापुन्हा करू या ना!"

दोन फुलांचा पुन्हापुन्हा जमला की तीन फुलांचा. झेंडू, गुलाब, गुलाब. कधी रंगाचा, कधी आकाराचा, कधी देठ वर आणि फूल खाली असा गमतीचा. वर्गात एक बडबड्या होता. तो झोपेतसुद्धा बोलत असेल. एकदा शेवटच्या बाटलीपर्यंत आल्यावर त्याने विचारलं, "बाई, भोकं संपली. आता पुढचं फूल कुठे ठेवायचं?"

"तू सांग."

त्याने टेबलाच्या पलीकडे बोट धरलं. "इथे हवेत. मग दाराबाहेर. मग रस्त्यावर. मग बाई, हे थांबणारच नाही!"

"नाहीच थांबत," बाई म्हणाल्या. "आपली भोकं थांबतात."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. बारा भोकांचा मला केवढा अभिमान होता!

आता मी ज्या मुलीची गोष्ट सांगणार आहे ती त्याच वर्गातली. मुलं तिला टकमक म्हणायची, कारण ती टकमक बघत राहायची. बोलायची जवळजवळ नाहीच. माझ्यासमोर तिची पाळी आली की ती फूल हातात घेऊन उभी राहायची. फूल फिरवून बघायची, देठ बघायची, पाकळीची मागची बाजू बघायची. तेवढ्यात मागची मुलं कुरकुर करायची आणि बाई म्हणायच्या, "बरं, तू नंतर कर हं." तिचं नंतर काही उजाडायचं नाही.

तिची आई एका दवाखान्यात कपडे धुण्याच्या खात्यात कामाला होती. तिची पाळी उशिरा सुटायची. सगळी मुलं घरी गेली की टकमक एकटीच मागे राहायची. बाई पाट्या पुसायच्या, आणि ही माझ्यासमोर हनुवटी टेकून कोमेजणारी फुलं बघत बसायची. आम्हा दोघांची तशी ओळख होती म्हणा ना. दोघांनाही बघण्याचं वेड आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं.

वर्ष संपत आलं. कोण पहिलीत जाणार आणि कोण अजून एक वर्ष बालवाडीत राहणार, हे ठरवायला मोठ्या बाई येणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांच्या पर्समध्ये नेहमी मुलांची नाकं पुसायला जास्तीचे रुमाल असायचे. आमच्या बाईंनी मुलांना सांगितलं, "उद्या येताना ज्याने त्याने घरून, अंगणातून, जिथून मिळतील तिथून फुलं आणा. आपापला पुन्हापुन्हा मांडून मोठ्या बाईंना दाखवायचा."

दुसऱ्या दिवशी खोलीत नुसता दरवळ होता. टकमक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात ओला रुमाल आणि रुमालात फुलं. सगळी पांढरीशुभ्र, भरगच्च पाकळ्यांची जास्वंदीसारखी. मोठ्या बाईंनी पहिल्यांदा तिलाच बोलावलं. ती वर्गात मागे आहे हे त्यांच्या कानावर गेलं असावं.

"ये बाळ, मांड तुझी ओळ."

आणि मित्रांनो, त्या दिवशी टकमक थांबली नाही. डब्यात तिने फुलांचे दोन गठ्ठे वेगळे ठेवले होते. एकदा ह्या गठ्ठ्यातून, मग दोनदा त्या गठ्ठ्यातून, असं करत तिने भराभर माझ्या बाराही बाटल्या भरल्या. मी टक लावून पाहत होतो. पांढरं, पांढरं, पांढरं. शेवटपर्यंत पांढरंच. जणू माझ्या पाठीवर धुतलेले कपडे वाळत घातले होते.

मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"सगळी पांढरीच आणलीस? दुसरा रंग नाही मिळाला?"

टकमकने मान हलवली. नाही.

"मग ह्यात पुन्हापुन्हा कुठे आहे?"

"अजून यायचाय," टकमक म्हणाली.

तिचा आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. जाडसर, थोडा घोगरा.

"काय यायचंय?"

 टकमक फुलांकडे बघत राहिली. बडबड्याला राहवेना. "बाई, पांढरं पांढरं पांढरं हा पण पुन्हापुन्हाच असतो ना?"

"तू तुझी पाळी आली की बोल," मोठ्या बाई म्हणाल्या. पण त्यांनाही क्षणभर हसू आलं.

मग त्या आमच्या बाईंना खिडकीपाशी घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, कुणाला ऐकू जाणार नाही. पण मी खिडकीजवळच होतो.

"अहो, बाकीची पोरं तीन-तीन फुलांची ओळ लावतात. हिने दुसरा रंगसुद्धा घेतला नाही. पहिलीत गेली तर बावरून जाईल. अजून एक वर्ष राहू दे इथेच. तिच्या भल्यासाठीच सांगतेय."

"पण ती बघते फार बारकाईने," बाई म्हणाल्या.

"नुसतं बघून कसं चालेल?"

 बाईंचा चेहरा उतरला. त्या परत आल्या आणि पुढच्या मुलासाठी माझ्या बाटल्या रिकाम्या करायला त्यांनी हात पुढे केला. तेव्हा टकमकने माझा पाय घट्ट धरला.

"नको."

बाई थबकल्या. टकमकने आजवर त्यांना कशालाच नको म्हटलं नव्हतं. आता विचार करा, मित्रांनो. पाठीमागे फुलं घेऊन मुलांची रांग, शेजारी मोठ्या बाई, आणि बारा बाटल्या एका मुलीने अडवलेल्या. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चल, बाजूला हो. बाईंनी हात मागे घेतला.

"बरं, राहू दे. बाकीचे आज फरशीवर मांडतील."

झालं! सगळी खोली फुलांच्या ओळींनी भरली. बडबड्याची ओळ तर खरंच दाराबाहेर गेली. मोठ्या बाई पाय जपत, वाकून बघत शाबासक्या देत फिरल्या आणि निघून गेल्या. मग सुट्टी झाली. मुलांना न्यायला आज्या आल्या, बाबा आले, मोठ्या बहिणी आल्या. खोली हळूहळू शांत झाली. उरल्या बाई, टकमक आणि मी.

बाई फरशीवरच्या पाकळ्या झाडत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. टकमक नेहमीसारखी हनुवटी टेकून बसली होती. मी माझ्या दुसऱ्या बाटलीतल्या फुलाकडे पाहिलं आणि मला वाटलं, उन्हाची तिरीप पडली असेल. पाकळीच्या बुडाशी रंग आला होता, गालाला चिमटा काढल्यावर येतो तेवढाच. पण ऊन तर भिंतीवर होतं. मग तिसऱ्या फुलाला रंग आला. पहिलं तसंच. चौथं तसंच. पाचवं गुलाबी, सहावं गुलाबी! मी मनातल्या मनात ओरडलो, अरे, माझ्या बाटल्यांत औषधाचा थेंब कुणी टाकला? साहेब आले की काय?

कुणीच आलं नव्हतं. पाणी साधंच होतं. फुलंच बदलत होती. आणि सगळी नाही, ठरलेलीच बदलत होती.

बाई झाडू टेकवून सहज वळल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. पांढरं, गुलाबी, गुलाबी. पांढरं, गुलाबी, गुलाबी. पार शेवटच्या भोकापर्यंत.

"अगं..." एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला उचलायला हात घातला. "धर, दुसरीकडून धर! सांडू नको हं!"

एका टोकाला बाई, एका टोकाला टकमक आणि मध्ये हिंदकळणारा मी, अशी आमची वरात व्हरांड्यातून निघाली. मोठ्या बाई पर्स खांद्याला लावून फाटकाकडे चालल्या होत्या.

"बाई, थांबा! जरा बघा तरी!"

"माझी बस जाईल हो. उद्या बघू," असं म्हणता म्हणता त्या वळल्या. त्यांनी बघितलं. पर्स खांद्यावरून घसरून कोपरावर आली.

"ही सकाळचीच?"

"तीच. मी हात नाही लावला."

आम्ही मुलांच्या बुटक्या बाकावर टेकलो. मोठ्या बाईसुद्धा तिथेच बसल्या, गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. त्यांनी एका गुलाबी पाकळीला बोट लावलं आणि रंग बोटाला लागतो का ते पाहिलं. मग बोटाने मोजत त्यांनी आख्खी ओळ वाचली. पोरं वाचतात तशी, ओठ हलवत.

"मला सांग," त्यांनी टकमकला विचारलं, "इथे अजून एक बाटली असती, तर तिच्यात काय?"

"पांढरं."

"आणि तिच्या पुढे?"

टकमकने थोडा विचार केला. "आत्ता असेल तर गुलाबी. आई येईल तेव्हा असेल तर लाल."

मोठ्या बाईंनी आमच्या बाईंकडे पाहिलं.  माझ्या सगळं लख्ख ध्यानात आलं. बाकीच्या मुलांना अजून न आलेलं फूल दिसायचं, ह्या मुलीला अजून न आलेला रंग दिसत होता.

तेवढ्यात तिची आई आली. दोघी बाई आपल्या मुलीला घेऊन बसलेल्या बघून ती घाबरलीच. "काय झालं? सांडलं का हिने काही? फोडलं का?"

"काही नाही. बसा तुम्ही पण," मोठ्या बाई सरकून म्हणाल्या. "आम्ही रंगाची वाट बघतोय."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, म्हणून सकाळी झाडांखाली एवढा वेळ! मला वाटलं, टंगळमंगळ करतेय. ओरडले मी हिला." मग ती सांगू लागली. "आमच्या खिडकीखाली ही दोन झाडं आहेत. एकाची फुलं दिवसभर पांढरीच राहतात, दुसऱ्याची संध्याकाळपर्यंत लाल होतात. सकाळी बघा, कुठलं कुठलं मला नाही ओळखता येत. हिचे आजोबा पाय दुखतात म्हणून खिडकीशी पडून असायचे. घड्याळ त्यांना दिसायचं नाही. ते हिला विचारायचे, फूल कसं झालंय गं? ही सांगायची, थोडं गुलाबी. मग ते म्हणायचे, म्हणजे जेवणं झाली, आता डुलकी काढू. लाल झालं म्हटलं की म्हणायचे, आता तुझी आई येईल."  "आम्हाला त्यांना जिना चढवून नेणं जमेना, म्हणून ते दिरांकडे राहायला गेले. तेव्हापासून ही अशी गप्प असते. फुलं कशी झालीत ते कुणी विचारतच नाही ना."

 मोठ्या बाई सरळ टकमककडे वळून म्हणाल्या, "सकाळी मी घाई केली. तू सांगत होतीस, अजून यायचाय म्हणून. मी ऐकलं नाही. पहिलीत मी शिकवायला येते अधूनमधून. येशील ना?"

टकमकने मान डोलावली. आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, ती आपणहून बोलली.

"बाई, बघा. आता लाल व्हायला लागलं."

मोठ्या बाईंची बस केव्हाच गेली होती. चौघीजणी त्या बुटक्या बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि माझ्या पाठीवरची आठ फुलं लाल होत होती. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी वापरलं. पण इतका वेळ, इतक्या मायेने माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. फुलांकडे बघत होत्या म्हणा. तरी माझ्याकडेही बघितलंच असेल थोडंसं.

पुढे टकमकने त्या झाडाची एक फांदी माझ्या बाटलीत घालून आजोबांकडे नेली. ती बाटली परत आली नाही. बाईंनी विचारलं तेव्हा टकमक म्हणाली, "तिला मुळं फुटली. आजोबा म्हणतात, आता काढू नको." तेव्हापासून माझ्याकडे अकरा बाटल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

वर्षं गेली. बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि बाई गेल्या. जाताना त्यांनी माझ्या एकेका भोकात बोट फिरवलं. फुलांच्या जागी प्लॅस्टिकच्या रंगीत मण्यांचे खोके आले. मणी कोमेजत नाहीत, सांडत नाहीत, त्यांना पाणी लागत नाही. माझी जागा कपाटावर झाली. उन्हाने माझी वरची फळी तडकली, एका पायाला वाळवी लागली. वरून मला मुलांचे फक्त भांग दिसायचे.

गेल्या आठवड्यात एका नव्या, तरुण बाईंनी मला खाली काढलं. त्यांना रंगाचे कुंचले ठेवायला जागा हवी होती. त्यांनी मला धुतलं, पुसलं, पायाला तेल लावलं आणि कुंचले आणायला गेल्या, त्या दुसऱ्याच कामात अडकल्या. काल दुपारी एका मुलाने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या बाटल्या भरल्या. एक सदाफुली. मग एक सुकं पान. मग एक बाटली नुसत्या पाण्याची. मग पुन्हा सदाफुली, मग सुकं पान, मग एक बाटली साफ रिकामी, पाणीसुद्धा नाही. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तो तसाच निघून गेला.

मी तेव्हापासून विचार करतोय. विसरला असेल? की पाणी आटल्यावर काहीतरी दिसणार आहे? की मला अजून कळलेलं नाही असं त्यात काही आहे? पाण्याची बाटली मी डोळ्यात तेल घालून बघतोय.

मित्रांनो, माझं लाकूड आता जुनं झालंय. मला ओल्या जागी ठेवू नका, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, एवढं केलंत तर मी अजून बरीच वर्षं उभा राहीन. आणि नव्या बाई कुंचले घेऊन आल्या, तर तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना माझ्यातर्फे सांगा. म्हणावं, बाई, आज एक दिवस ह्या बाटल्या अशाच राहू द्या.